उझबेक विकिपीडियाची एक लेखस्पर्धा, आणि बाइटवर गुण दिले की काय होतं

मराठी विकिपीडियावर कधी कार्यशाळा किंवा लेखस्पर्धा घेतली असेल, किंवा पुढे घ्यायचा विचार असेल, तर हे वाचा. प्रकरण आपल्याकडचं नाहीये, ताश्कंदमधल्या चार-पाच स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका छोट्या स्पर्धेचं आहे. विकिपीडिया एशियन मंथ म्हणून एक उपक्रम 2015 पासून नोव्हेंबरात चालतो, त्याच्या टेलिग्राम ग्रुपवर माझी त्यांच्याशी ओळख झाली, आणि नियम लिहिणं, टूल सेट करणं असल्या कामांसाठी मी बाहेरून मदत करत होते. मला उझबेक येत नाही, लिपी वाचता येते आणि ट्रान्सलेटरवर भागतं, त्यामुळे भाषेबद्दल जे लिहिलंय ते सगळं त्यांनीच सांगितलेलं आहे. मुख्य संयोजक एक बाई होत्या, दिवसा नोकरी करून रात्री हे करणाऱ्या, ग्रुपवर सगळे त्यांना ओपा म्हणायचे म्हणजे आपल्याकडचं ताई, तर मीही ओपाच म्हणते.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उझबेक विकिपीडिया 2003 चा, म्हणजे मराठीच्याच वयाचा. उझबेकिस्तानची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, शिवाय उत्तर अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, किर्गिझस्तानातलं ओश वगैरे धरून अजून बरेच उझबेक बोलणारे, तरी आपल्या आठ कोटींच्या अर्ध्याच्या आसपासच. आणि लेख मात्र अडीच लाखांच्या वर, जेव्हा मराठीत लाखाच्या आसपास आहेत. हे बघून आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणेल बघा ते किती पुढे गेले, तर थांबा. त्यातला मोठा वाटा उझबेकिस्तानच्या राष्ट्रीय ज्ञानकोशाचा आहे, 2000 ते 2006 मध्ये निघालेले 12 खंड, त्यातल्या नोंदी घाऊक चढवल्या गेल्या आणि त्या लेखांखाली तसा साचाही, म्हणजे तयार ठशातली सूचना, लावलेला असतो. बाकी सांगकाम्यांनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांनी, बनवलेले लेख आहेत, आणि अलीकडे विकिस्टिपेंडिया नावाच्या मोठ्या मॅरेथॉनमधून आलेले आहेत, जिला सरकारी युवा संस्थेचं पाठबळ होतं. ज्या देशात 2012 साली उझबेक विकिपीडिया ब्लॉक होता, आणि तेव्हा रशियन मात्र आरामात उघडत होता, तिथे दहा-बारा वर्षांत सरकारच लोकांना लेख लिहा म्हणायला लागलं, हा बदल काही लहान नाही.

पण राष्ट्रीय ज्ञानकोश 2006 ला संपला. त्यानंतरचं जग त्यात नाही आणि जे आहे त्यात राजे, कवी, किल्ले भरपूर, जुना कवी अलीशेर नवोई आणि बाबरबद्दल पानंच्या पानं, आणि मधुमेह म्हणजे काय हे चार ओळींत. म्हणून ओपांच्या टीमने विषय ठरवला आरोग्य, शेती आणि पर्यावरण. माझ्या मते विषय एक नंबर होता. अरल समुद्र त्यांच्या उशाशी आटलाय, अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी 1960 नंतर कापसाकडे वळवलं आणि समुद्राचं वाळवंट झालं, तिथून उडणारी मिठाची धूळ लोकांच्या फुप्फुसात जातेय, आणि या सगळ्यावर लोकांच्या स्वतःच्या भाषेत नीट वाचायला फार थोडं. स्पर्धेची सुरुवात 21 ऑक्टोबरला. 1989 साली त्या दिवशी उझबेकला राज्यभाषेचा दर्जा मिळाला, आता तो भाषादिन म्हणून पाळतात, आपल्या 27 फेब्रुवारीसारखा, त्यामुळे शाळा-कॉलेजं आणि पेपरवाले आयते उत्साहात असतात.

नियम काय होते तर नवीन लेख किमान 3,000 बाइटचा (बाइट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये मजकूर किती जागा घेतो त्याचं माप), किमान तीन संदर्भ, आणि पुढे प्रत्येक 1,000 बाइटला एक गुण. पहिलं बक्षीस लॅपटॉप, तो एका दुकानदाराने दिलेला. बाकी मोबाइल रिचार्ज, पुस्तकं, प्रमाणपत्रं, आणि चहापाणी, छपाई, डेटा यासाठी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची छोटी ग्रँट, ज्याला रॅपिड फंड म्हणतात, 500 ते 5,000 डॉलरच्या मधली. ज्यूरीत तिघं.

या बाइटबद्दल जरा सांगतेच, कारण एशियन मंथ, फेमिनिझम अँड फोकलोर, असल्या सगळ्या स्पर्धांचे नियम एकमेकांकडून उचललेले असतात आणि 3,000 बाइट हा आकडा सगळीकडे फिरत असतो, पण तो सगळ्या भाषांना सारखा लागू होत नाही. देवनागरीत एकेक अक्षर आणि वर एकेक काना-मात्रा-वेलांटी तीन-तीन बाइट खाते. विकिपीडिया हा आपला शब्द 30 बाइट. तोच उझबेकच्या आजच्या लॅटिन लिपीत, म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांत, 10 बाइट, आणि जुन्या सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत, 18. म्हणजे मराठीत दीडशे-पावणेदोनशे शब्दांत 3,000 बाइट होऊन जातात आणि आपण म्हणतो झाला बाई लेख, उझबेकवाल्याला त्यासाठी साधारण पावणेचारशे-चारशे शब्द लिहायला लागतात. सुरुवातीला मला वाटलं मग तर त्यांच्याकडे हा नियम कडकच आहे, चांगलंय. पण बाइट शब्दांनीच वाढतात असं कुठाय. संदर्भाचा एक साचा भरला की दोन-तीनशे बाइट, वनस्पतीच्या लेखाला वर्गीकरणाची चौकट लावली की अजून, खाली एक कोष्टक टाकलं की झालंच. वाचण्यासारखा मजकूर चार वाक्यं आणि लेख 5,000 बाइटचा, हे अगदी नियमात बसतं.

पहिले आठ-दहा दिवस तर कोणी लिहूच शकत नव्हतं. ताश्कंदमधल्या एका ग्रंथालयात उद्घाटनाची कार्यशाळा झाली, तीस-पस्तीस पोरं-पोरी आलेली, आणि सातव्या माणसापासून खातंच उघडेना. हे आपल्याकडे पण होतं, एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, दिवसात सहाच खाती उघडता येतात, आधी सवलत मागून ठेवावी लागते. ते त्यांनी मागितलेलं होतं, पण ग्रंथालयाने ऐनवेळी दुसऱ्या लाइनचं वायफाय दिलं. मग पोरांनी आपापल्या मोबाइलच्या नेटवरून प्रयत्न केले, तर तिथे दुसराच घोळ. अर्ध्या लोकांच्या फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे आपला खरा पत्ता लपवून बंद साइट उघडून देणारं ॲप, कायमचा चालू. 2021 मध्ये डेटाच्या कायद्यावरून तिथे ट्विटर, टिकटॉक वगैरेंवर बंधनं आली तेव्हापासून लोकांना ती सवयच लागली, बंद करायचा असतो हेही लक्षात राहत नाही. आणि विकिपीडिया व्हीपीएनवरून संपादन करू देत नाही. बिचाऱ्यांना लाल चौकटीत इंग्रजी मेसेज दिसायचा की तुमचा पत्ता प्रतिबंधित आहे, आणि त्यांना वाटायचं आपणच काहीतरी गुन्हा केलाय. एक मुलगी तर घाबरून उठून निघून गेली म्हणे. शेवटी ओपांनी टेलिग्रामवर एक व्हिडिओ टाकला, फोन हातात धरून, हे बघा हे बटण बंद करा, मग लिहा, नंतर परत चालू करा. तिथे सगळं टेलिग्रामवर चालतं, ईमेल कोणी उघडत नाही, स्पर्धेचं नियमपान किती जणांनी वाचलं असेल कोण जाणे पण तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला.

तिसऱ्या आठवड्यात गुणफलकावर एक नाव एकदम वर गेलं. विद्यार्थी होता, कश्कादर्याकडच्या गावातला, शिकायला ताश्कंदला आलेला. दिवसाला पाच-सहा लेख, मग दहा-बारा. वनस्पती, एकामागून एक प्रजाती, सगळ्यांचा साचा तोच, चौकट, वर्गीकरण, कुठे उगवते, चार संदर्भ, संपलं. मग वनस्पती संपल्या (म्हणजे त्याला कंटाळा आला असावा) आणि तो औषधांवर गेला. रक्तदाबाची, मधुमेहाची, वेदनाशामकं. लेखांची संख्या शंभराच्या घरात गेली. टेलिग्राम ग्रुपवर लोक टाळ्या वाजवणारे स्टिकर टाकत होते.

ज्यूरी मात्र गप्प, कारण ज्यूरी पोचलीच नव्हती तिथपर्यंत. फाउंटन नावाचं टूल असतं, स्पर्धेचे लेख त्यात येऊन पडतात आणि ज्यूरी एकेक उघडून मान्य-अमान्य करतात. एक लेख नीट तपासायचा, म्हणजे संदर्भ उघडून बघायचे, मूळ इंग्रजी किंवा रशियन लेखाशी ताडून बघायचं, कुठून कॉपी केलाय का ते बघायचं, तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तिघं जण, नोकरी करून रात्री तास-दीड तास. वरून टाकी सोडलेली आणि नळ अर्ध्या इंचाचा. मग व्हायचं काय तर ज्यूरीतला एक जण लांबी बघून, संदर्भ आहेत ना एवढं बघून मान्य करत सुटला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, माणूस रात्री बारा वाजता अजून काय करणार.

मग एका रात्री ओपांनी स्वतः एक औषधाचा लेख उघडला, त्यांच्या आईला ती गोळी चालू होती म्हणून. रक्तदाबाचं औषध. इंग्रजी लेखात स्पष्ट होतं की गरोदरपणात देऊ नये. उझबेकमध्ये नकार बऱ्याचदा क्रियापदाच्या पोटात एका छोट्या अक्षराने येतो, आणि मशीनच्या भाषांतरात ते अक्षर गळलेलं. लेख सांगत होता की गरोदरपणात देतात. लेख मान्य झालेला, गुण मिळालेले.

त्यांनी मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली फक्त लिहिलं, हे किती लेखांत असेल?

इथे मला एक सांगायचंय. विकिपीडियाचं जे भाषांतराचं टूल आहे ते मशीनचा मजकूर जसाच्या तसा ठेवला तर इशारा देतं, जास्तच असेल तर छापूही देत नाही. म्हणून संयोजकांना वाटत होतं तेवढा बंदोबस्त आहे. पण त्या पोराने ते टूल वापरलंच नव्हतं, बाहेर भाषांतर करून साध्या संपादनातून चिकटवत होता. हे काही फार हुशारीचं काम नाही, कोणीही करेल. टूलमधला अडसर फक्त टूल वापरणाऱ्यालाच लागतो.

दुसऱ्या दिवशी संयोजकांच्या ग्रुपवर जे झालं ते मी बऱ्यापैकी ट्रान्सलेटरवर वाचलं, काही ओपांनी नंतर सांगितलं. एकाचं म्हणणं, सरळ बाद करा. दुसऱ्याचं, बाद कशाबद्दल, नियमात बाइट लिहिलेत, त्याने बाइट दिले. तिसरी म्हणाली गुणांची पद्धतच आजपासून बदलू, शब्दांवर नेऊ. एकाने तर सुचवलं की पैसे देऊन अजून ज्यूरी घेऊ, ग्रँटमधून. आणि त्यात एका कॉलेजच्या मास्तरांचा मेसेज आला, की आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना आम्ही भाग घ्यायला लावलंय, प्रत्येकी पाच लेख, इंटर्नलचे मार्क आहेत, तर प्रमाणपत्रं कधी मिळतील. म्हणजे अजून एक पूर यायचा होता. ग्रुपवाल्यांनी मला सांगितलं की अख्ख्या वर्गाने निघायचं ही तिथली जुनी सवय आहे, कापूस वेचायला पण वर्षानुवर्षं तसंच नेत, ते थांबवायला देशाला बरीच वर्षं लागली.

मी माझं मत दिलं. गुणांची पद्धत अधेमधे बदलू नका. ती चांगली आहे म्हणून नव्हे, वाईटच आहे, पण ज्याने प्रामाणिकपणे त्या नियमावर महिनाभर काम केलंय त्याला तुम्ही काय सांगणार. आणि त्या पोराने फसवलं होतं का? मला नाही वाटत. फलकावर काय मोजलं जातंय ते त्याने बघितलं आणि ते पुरवलं. लॅपटॉप हवा होता त्याला, त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, ग्रुपवर त्याने तसं लिहिलंही होतं. पण नियमपानावर खाली एक ओळ होती, न सुधारलेलं मशीन भाषांतर ग्राह्य नाही. ती ओळ आहे, तर ती लावा, सगळ्यांना सारखी. आणि मुख्य म्हणजे ज्यूरी जेवढं वाचू शकते तेवढंच आत येऊ द्या.

शेवटी त्यांनी केलं ते असं. एका स्पर्धकाचे न तपासलेले लेख एका वेळी पाचच रांगेत राहतील, ते तपासून झाले की पुढचे पाच टाकायचे. लेख अमान्य झाला तर कारण लिहून परत मिळेल, सुधारून पुन्हा टाकता येईल, पण तोपर्यंत ती जागा अडलेली. आधी मान्य झालेले औषधांचे सगळे लेख परत उघडले, आणि तपासून होईपर्यंत ते ज्याच्या त्याच्या सदस्यपानाखाली हलवले, म्हणजे वाचकाला शोधून सापडणार नाहीत. त्यासाठी ओपांनी फार्मसी शिकलेल्या दोघींना गाठलं, त्यांना विकिपीडिया येत नव्हता आणि यायची गरजही नव्हती, त्यांनी फक्त छापील कागदावर लाल पेनने खुणा केल्या. मास्तरांना कळवलं की प्रमाणपत्र मान्य लेखांवरच मिळेल, वर्गाची यादी पाठवून मिळणार नाही. मास्तर नाराज झाले, वर्ग आला नाही. मला विचाराल तर सुटले.

पोरगा भडकला, भडकणारच. ग्रुपवर भरपूर लिहिलं, की नियम बदलला, की अनुभवी लोकांना नवीन माणूस वर गेलेला बघवत नाही. ओपांनी ग्रुपवर एका शब्दाने उत्तर दिलं नाही. त्याला फोन केला आणि तो गोळीचा लेख मोठ्याने वाचून दाखवला, शेवटी विचारलं, भावा, तुझ्या बहिणीला हे वाचायला देशील का. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग म्हणाला, मी वाचलाच नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला पटकन 2011 ची पुण्याची गोष्ट आठवली. तेव्हा फाउंडेशनने पुण्यातल्या कॉलेजांत इंग्रजी विकिपीडियावर लिहिण्याचा कार्यक्रम चालवला होता, शेकडो विद्यार्थी, आणि इकडून-तिकडून उचललेला मजकूर एवढा आला की स्वयंसेवक साफ करून करून थकले, शेवटी त्याच वर्षी तो थांबवावा लागला. तिथेही पोरं वाईट नव्हती. मार्क होते, मुदत होती, आणि तपासणारे मूठभर.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं मशीनला शिव्या देऊन भागत नाही. खोरेझमकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, भूगोलाच्या. अख्ख्या स्पर्धेत त्यांचे लेख दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढे. खारवट जमीन, हिवाळ्यात शेतात पाणी सोडून मीठ धुवायची पद्धत, सॅक्साउल म्हणजे अरलच्या कोरड्या तळावर वाळू धरून ठेवायला लावतात ते झुडूप, असे विषय. ओपा म्हणाल्या वाचताना शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि त्यांचे पहिले तीन लेख अमान्य झाले! संदर्भ नाहीत. त्यांचं म्हणणं, संदर्भ कशाला, आमच्या घरी माझे वडील हेच करायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. विकिपीडियात हे चालत नाही आणि ते त्यांना समजावणं पोराला समजावण्यापेक्षा अवघड गेलं. मग त्या उर्गेंचच्या ग्रंथालयात गेल्या, सोव्हिएत काळातली शेतीखात्याची पुस्तकं काढली, सिरिलिक लिपीतली उझबेक आणि रशियन, पानं नोंदवून आणली. 1940 ते 1990 च्या दरम्यानचं सगळं छापील उझबेक सिरिलिकमध्ये आहे, लॅटिनचा कायदा 1993 चा, आणि आजच्या वीस वर्षांच्या मुलांना ते वाचायला जड जातं, तर अशा माणसांशिवाय ती कपाटं उघडणार कोण? बाइटच्या हिशेबाने बाई फलकाच्या पार तळाला होत्या.

म्हणून ज्यूरीने एक वेगळं बक्षीस ठेवलं, गुणांशी संबंध नसलेलं, आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटलेला लेख. हे मधेच वाढवलं तरी कोणाचं काही हिरावलं जात नव्हतं, त्यामुळे भांडण झालं नाही. पैसे रिचार्जच्या खात्यातून काढले.

आणि तो उच्चारचिन्हाचा घोळ, तो सांगायलाच हवा. उझबेक लॅटिनमध्ये ओ आणि ग या दोन अक्षरांच्या डोक्यापाशी उलट्या स्वल्पविरामासारखं एक चिन्ह लागतं, त्याने अक्षरच वेगळं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, त्याला स्वतःची जागा आहे, पण साध्या कीबोर्डवर ते सापडत नाही. मग कोणी इंग्रजीतला साधा ॲपॉस्ट्रॉफी मारतो, कोणाचा फोन आपोआप वळणदार अवतरणचिन्ह करतो, कोणी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबतो. दिसायला सगळं तेच, कॉम्प्युटरला चार वेगळी अक्षरं. गफूर गुलोम हे तिथल्या मोठ्या कवीचं नाव, दोन्ही शब्दांची सुरुवातच या चिन्हाच्या ग ने, म्हणजे एकट्या त्याच्याच नावाची कितीतरी शीर्षकं होऊ शकतात. स्पर्धेत व्हायचं काय, की लेख आधीपासून आहे पण शोधताना सापडत नाही कारण शोधणाऱ्याचं चिन्ह वेगळं, मग तो नवीन लेख बनवतो, टूल म्हणतं नवीन आहे, गुण देतं. जुळे लेख बरेच निघाले, आणि ते कोणाचीच लबाडी नव्हती. यातलं अर्ध काम एका मुलाने स्क्रिप्ट लिहून केलं, चुकीच्या चिन्हाची शीर्षकं शोधून योग्य पानाकडे पुनर्निर्देशन, म्हणजे ते उघडलं की आपोआप योग्य पान समोर येतं. हे स्पर्धेच्या आधी केलं असतं तर ज्यूरीच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या, आणि आपल्याकडे ऱ्य-र्‍य आणि नुक्त्यांच्या बाबतीत हेच लागू आहे, तिथे कोणी लक्ष घालत असेल तर मला जरूर सांगा.

निकाल लागला तेव्हा लॅपटॉप त्या पोराला मिळाला नाही. पाच-पाचच्या रांगेत त्याचा वेग गेला, औषधांपैकी निम्मे लेख त्याने सुधारलेच नाहीत, तो तिसरा आला. पहिली आलेली मुलगी समरकंदची, डॉक्टरकीला शिकणारी, रोज एक लेख आणि तो नीट. रिचार्ज आणि रोख बक्षिसं पेमी आणि क्लिक या तिथल्या पैसे पाठवायच्या ॲपवरून गेली, आणि ग्रँटच्या हिशेबाला प्रत्येकाचा स्क्रीनशॉट जोडावा लागला, त्यावर मी एक अख्खा रविवार घातला, असो.

राहिले कोण हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. लॅपटॉपवालीने लिहिणं सोडलं, अभ्यास आहे म्हणाली, बरोबरच आहे. त्या पोरानेही सोडलं. शिक्षिकाबाई महिन्यातून एखादं संपादन करतात. नियमित लिहिणारे दोघं उरले आणि दोघांनाही काही बक्षीस मिळालेलं नव्हतं, एक जण तर फक्त दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायला आलेला. हे जगात सगळीकडे असंच दिसतं. 2009-10 मध्ये गूगलने स्वाहिली विकिपीडियासाठी केनिया-टांझानियातल्या विद्यार्थ्यांत मोठी स्पर्धा घेतली, बक्षिसं वाटली, लेख आले, आणि बक्षिसं संपल्यावर बहुतेक जण परत फिरकले नाहीत. आपल्याकडे 2018 च्या प्रोजेक्ट टायगरमध्ये भारतीय भाषांच्या विकिपीडियांची लेख लिहिण्याची चढाओढ लावली होती, त्यात पंजाबी पुढे गेली कारण त्यांच्याकडे आधीपासून एकमेकांना ओळखणारी माणसं होती, स्पर्धेने ती तयार केली नाहीत.

म्हणून काही लोक म्हणतात की स्पर्धाच नकोत. मला ते पटत नाही. त्या एका मोसमात रक्तदाब, क्षयरोग, खारवट जमीन, पिण्याचं पाणी यावर उझबेकमध्ये जे वाचण्यासारखं आलं ते एरवी आलं नसतं, आणि ते लिहिणारा नंतर राहिला की गेला याने वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण स्पर्धा आखताना सुरुवात बक्षिसापासून करतात ना, लॅपटॉप मिळालाय, चला, किती जण येतील, तिथे सगळं बिघडतं. आधी ज्यूरीचे तास मोजा. तिघं जण, आठवड्याला प्रत्येकी सहा तास, वीस मिनिटाला एक लेख, तर आठवड्याला पन्नासच लेख नीट वाचून होतात. मग स्पर्धा पन्नास लेखांची ठेवा, शंभर आले तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवा.

ओपांनी पुढच्या खेपेचा मसुदा मला पाठवलाय. बाइट गेले, वाचनीय शब्द आले, किमान 300. ज्यूरी लेखाला शून्य ते पाच देणार, आणि एका माणसाचे जास्तीत जास्त वीसच लेख धरणार, त्याने हवे ते वीस निवडावेत. औषध आणि उपचाराचे लेख जाणकाराने वाचल्याशिवाय वाचकांना दिसणाऱ्या विकिपीडियात जाणार नाहीत. लॅपटॉप नाही, त्याऐवजी पहिल्या दहा जणांना ताश्कंदमध्ये दोन दिवस एकत्र बसायला बोलावणार, येण्याजाण्याचा खर्च देऊन. दुकानदार म्हणतोय मग माझ्या नावाचा फलक कुठे लागणार. त्यावर बोलणी चालू आहेत.